सिझेरियननंतरचे दिवस : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली की रुग्णाला डॉक्टर आणि घरचे एकच गोष्ट सांगतात : पडून राहा, आराम करा. अपेंडिक्स काढलेल्या किंवा हर्निया शिवलेल्या माणसाच्या उशाशी कोणीतरी बसलेले असते आणि त्याच्याकडून कसलीही अपेक्षा नसते. सिझेरियन झालेल्या बाईचे तसे नाही. टाके घालून होतात न होतात तोच तिच्या छातीशी बाळ दिले जाते आणि तेव्हापासून तिची चोवीस तासांची पाळी सुरू होते. दर दोन-तीन तासांनी पाजायचे, त्यासाठी उठून बसायचे, कूस बदलायची, रात्र जागून काढायची. जिच्या पोटाचे थर नुकतेच उघडून पुन्हा शिवले आहेत, तीच दुसऱ्या एका जिवाची मुख्य सांभाळकर्ती असते. शस्त्रक्रियेच्या जगात अशी स्थिती दुसरी सापडणार नाही. सिझेरियननंतरच्या वेदनेचा आणि सावरण्याचा वेगळा अभ्यास हवा तो याच कारणासाठी. त्या अभ्यासाच्या उंबरठ्यावर वाचकाचे मनापासून स्वागत करावे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

हा विषय आता मोजक्या घरांपुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातली सुमारे ८.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने होत होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा २१.५ टक्क्यांवर गेला. त्या फेरीत महाराष्ट्रात तो २५.४ टक्के होता, गोव्यात ३९.५. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत निम्म्याच्या जवळ, म्हणजे ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. इतकी सिझेरियन खरोखर गरजेची असतात का, हा प्रश्न योग्यच आहे. लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेल्याने माता व नवजात बालकांचे मृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. तो वाद व्हायला हवा. पण या क्षेत्राचे काम त्या वादाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. शस्त्रक्रिया जीव वाचवण्यासाठी झाली असो की टाळता आली असती, खाटेवरची बाई तीच असते आणि तिचे दुखणेही तेच असते. सिझेरियनच्या वाढत्या प्रमाणावरचा राग तिच्या वेदनेवर निघता कामा नये.

या शस्त्रक्रियेच्या इतिहासात फार काळ एकच प्रश्न होता : बाई जगेल का? एकोणिसाव्या शतकात बरीच वर्षे गर्भाशयाची जखम न शिवताच सोडून दिली जाई आणि रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग यांनी बहुतेक माता दगावत. १८७६ मध्ये इटलीतल्या पाविया येथे एदुआर्दो पोरो यांनी बाळ काढल्यावर गर्भाशयच काढून टाकले आणि आई वाचवली. १८८२ मध्ये लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी गर्भाशय काळजीपूर्वक शिवण्याची पद्धत मांडली आणि पुढचा रस्ता मोकळा झाला. १९०० मध्ये फानेनस्टील यांनी ओटीपोटावरचा आडवा छेद आणला, तर १९२६ च्या सुमारास ग्लासगोच्या मनरो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेण्याचा जोरदार पुरस्कार केला. आज आपल्याकडच्या बहुसंख्य बायांच्या पोटावर दिसणारा व्रण आणि आत न दिसणारा व्रण, दोन्ही याच परंपरेतले आहेत.

याच काळातली एक नोंद या क्षेत्राच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावी. १८७९ मध्ये रॉबर्ट फेल्किन या प्रवाशाने आजच्या युगांडातील काहुरा येथे स्थानिक वैद्याने केलेले सिझेरियन पाहिले आणि १८८४ मध्ये एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे वर्णन छापले. बाईला केळ्याची दारू पाजलेली होती. जखम लोखंडी सुयांनी जोडून सालीच्या दोऱ्याने बांधली आणि वर मुळांचा लेप दिला. फेल्किन मात्र तिथे थांबले नाहीत. पुढचे दिवस तिचा ताप, तिची नाडी, सुया कोणत्या दिवशी काढल्या, हे सारे त्यांनी टिपून ठेवले. बाळाला लवकरच छातीशी लावले, पण कित्येक दिवस तिला दूध फार थोडे आले आणि तिच्या मैत्रिणीने बाळाला पाजले, हेही लिहिले. अकराव्या दिवशी जखम भरली होती. शस्त्रक्रियेइतकेच लक्ष पुढच्या दिवसांकडे देणारी अशी नोंद त्या काळात विरळा. त्या मैत्रिणीचा उल्लेख तर मला फार मोलाचा वाटतो. सावरणे ही एकट्या बाईने करायची गोष्ट नसते, हे त्यात न सांगता आले आहे.

वेदनेचा इतिहास याला समांतर चालला. १८४७ मध्ये एडिंबरोत जेम्स यंग सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा बाळंतकळा सोसणे हा बाईचा धर्मच आहे असे म्हणणारे पुष्कळ निघाले. १८५३ मध्ये जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला तोच क्लोरोफॉर्म दिला आणि विरोधाची धार बोथट झाली. १८९८ मध्ये जर्मनीत आउगुस्ट बीअर यांनी पाठीच्या कण्यातून भूल देण्याची पद्धत सुरू केली, स्वतःवरही तिचा प्रयोग करून घेतला आणि त्यानंतरच्या डोकेदुखीचे वर्णन करून ठेवले. आज बहुसंख्य सिझेरियन याच पद्धतीच्या भुलीखाली होतात. आपल्याकडे डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात पदवी घेतली ती प्राचीन हिंदू प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. बाळंतपणाचे घरगुती ज्ञान आणि आधुनिक वैद्यक यांना एकाच टेबलावर मांडण्याची ती सुरुवात होती. हे टेबल अजून पुरते वापरात आलेले नाही.

आई वाचू लागली, शस्त्रक्रियेच्या वेळची वेदनाही गेली. नंतरच्या वेदनेचा प्रश्न मात्र बराच काळ मागे राहिला. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी शस्त्रक्रियेनंतर लवकर सावरण्याचा एक एकत्रित कार्यक्रम मांडला : उपाशी कमी ठेवा, नळ्या लवकर काढा, वेदना आधीच आटोक्यात ठेवा, रुग्णाला लवकर चालवा. तो आधी आतड्याच्या शस्त्रक्रियांसाठी होता. सिझेरियनसाठीची त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे २०१८-१९ मध्ये आली. जगात सर्वाधिक होणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी एकीचा क्रम इतका उशिरा लागावा, यातच हे क्षेत्र तरुण का आहे ते कळते.

आता मूळ विषयाकडे येऊ : नेमके दुखते काय? छेद कातडीतून, चरबीतून आणि स्नायूंवरच्या घट्ट आवरणातून जातो. स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला करतात. मग पोटाच्या आतले अस्तर आणि शेवटी गर्भाशय. या थरांची दुखणी वेगवेगळी आहेत. पोटाच्या भिंतीचे दुखणे धारदार असते, बोट ठेवून दाखवता येते आणि हालचालीने, खोकल्याने, हसण्याने उसळते. गर्भाशयाचे दुखणे खोल, पिळवटणारे, कळ येऊन जाणारे. बाळंतपणाच्या वेळी साधारण एक किलो वजनाचे गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येते. ते आकसत असते म्हणून कळा येतात. बाळ ओढू लागले की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते आणि नेमक्या पाजण्याच्या वेळी कळ उठते. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात ती अधिक जोरात असते. "पाजायला घेतलं की पोटात पिळा पडतो," असे बाई सांगते तेव्हा ती शरीरशास्त्रच सांगत असते. तिसरे दुखणे वायूचे. मंदावलेल्या आतड्यांमुळे पोट तट्ट फुगते, कधी उजव्या खांद्यातही दुखते, आणि पोटाच्या शस्त्रक्रियेत खांदा का दुखतो म्हणून बाई घाबरते. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा आणि खांदा यांच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच पातळीवर पोचतात, म्हणून हे होते.

चौथे दुखणे कमरेचे, आणि त्याबद्दल महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक घरात एक ठाम मत असते : "कमरेत इंजेक्शन दिलं ना, आता जन्मभर कंबर धरणार." सुई टोचल्याच्या जागी काही दिवस दुखू शकते, हे खरे. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीशी मात्र या भुलीचा संबंध अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही. नॉर्मल बाळंतपण झालेल्या बायांचीही कंबर दुखतेच. गरोदरपणात सैल झालेले सांध्यांचे बंध, ताणून कमकुवत झालेले पोटाचे स्नायू, पाजताना तासन्‌तास वाकून बसणे आणि अपुरी झोप ही खरी कारणे. हे समजावणे महत्त्वाचे आहे, कारण इंजेक्शनला दोष दिला की बाई उपाय शोधायचे थांबवते. पाठीला उशी, बाळाखाली उशी, पायाखाली पाट आणि पोटाच्या स्नायूंचा हळूहळू व्यायाम, हे उपाय तिच्या हातात आहेत. भुलीमुळे होणारी खरी तक्रार वेगळी : उठून बसले की डोके फुटेल असे दुखणे आणि आडवे झाले की थांबणे. हल्लीच्या बारीक, विशिष्ट टोकाच्या सुयांमुळे ती थोड्याच बायांना होते. पण ती "अशक्तपणा" म्हणून घरी सोसू नये. तिच्यावर नेमका इलाज आहे.

वेदनाशमनाचे आजचे सूत्र साधे आहे : दुखू लागल्यावर गोळी मागायची नाही, घड्याळावर घ्यायची. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखे सूज उतरवणारे औषध ठरलेल्या वेळी एकत्र दिले की दोन्ही एकमेकांना पूरक ठरतात आणि अफूजन्य औषधांची गरज बरीच कमी होते. कमरेच्या भुलीतच १०० ते १५० मायक्रोग्रॅम इतके अल्प मॉर्फिन दिले तर पहिले बारा ते चोवीस तास सुकर जातात, अंगाला खाज किंवा मळमळ मात्र होऊ शकते. ते शक्य नसेल तिथे पोटाच्या भिंतीतल्या नसांभोवती औषध सोडता येते. किडनीचा, अल्सरचा, दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्या बाईची औषधे वेगळी ठरवावी लागतात, हे डॉक्टरांचे काम.

मग अडते कुठे? बहुतेक वेळा एका भीतीपाशी : "गोळी दुधातून बाळाला जाईल." ही भीती आईपणातूनच येते, तिला हसू नये. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांचा दुधात उतरणारा अंश फार थोडा असतो आणि पाजणाऱ्या आईसाठी ती योग्य मानली जातात. सावध राहायचे ते कोडीन आणि ट्रॅमाडॉलबाबत. काही स्त्रियांच्या शरीरात त्यांचे रूपांतर फार वेगाने होते आणि बाळाला गुंगी किंवा श्वासाचा त्रास होऊ शकतो. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये पाजणाऱ्या मातांसाठी त्यांविरुद्ध कडक इशारा दिला. "सगळ्याच गोळ्या वाईट" आणि "काहीही चालते" या दोन टोकांच्या मधले हे नेमके ज्ञान प्रत्येक बाळंतिणीपर्यंत तिच्या भाषेत पोचायला हवे.

वेदना सोसल्याने कोणाचे भले होत नाही. दुखते म्हणून बाई हलत नाही. हलली नाही की पायांच्या नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका, जो बाळंतपणात आधीच वाढलेला असतो, आणखी वाढतो. खोकायला भीती वाटते म्हणून छातीत कफ साठतो. वेदना आणि ताण यांमुळे दूध सुटायला अडथळा येतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसाची वेदना तीव्र असेल तर दोन महिन्यांनंतरही दुखत राहण्याची शक्यता सुमारे अडीचपट आणि नैराश्याची सुमारे तिप्पट होते. बाळंतपण कसे झाले यापेक्षा वेदना किती होती हे अधिक निर्णायक ठरले. वेळेवर दिलेली एक गोळी किती लांबवर परिणाम करते, हे यातून कळावे.

पहिल्यांदा उठण्याची वेळ जवळून पाहण्यासारखी असते. भूल उतरलेली, लघवीची नळी काढलेली किंवा काढायची. बाई सवयीने सरळ उठायला जाते आणि अर्ध्यावरच कळवळून मागे पडते. जाणती सिस्टर तिला थांबवते. "ताई, आधी गुडघे वाकवा. आता कुशीवर वळा, सगळं अंग एकदम. पाय खाटेखाली सोडा आणि कोपराने, हाताने रेटा द्या. पोटाने नाही. श्वास सोडत उठा." काठावर बसल्यावर मिनिटभर थांबायचे, कारण चक्कर येते. घडी केलेली चादर टाक्यांवर दाबून धरायची. मग उभे राहायचे, शक्य तितके ताठ. टाके तुटतील या भीतीने प्रत्येकजण पुढे वाकते, आणि वाकून चालल्यानेच कंबर धरते. या सूचना फुकट आहेत, एका मिनिटाच्या आहेत, आणि बाईला दिवसभर पुरतात. शिंक येताना पोटावर उशी धरणे, बाळाला मांडीवर आडवे न घेता बगलेखाली धरून पाजणे म्हणजे टाक्यांवर वजन येत नाही, हेही याच शिदोरीतले. शुश्रूषेचे असे ज्ञान प्रबंधांत कमी आणि वॉर्डांत जास्त सापडते. या क्षेत्रात येणाऱ्याने परिचारिकांना आपले पहिले गुरू मानावे.

त्यानंतर बाई घरी जाते, बहुधा माहेरी. आपल्याकडे सव्वा महिन्याची बाळंतपणाची परंपरा आहे आणि तिच्याकडे अभ्यासकाने आदराने पाहावे. बाईला कामातून मोकळे करणे, तिला ताटावर गरम वाढणे, बाळाला न्हाऊमाखू घालायला दुसरे हात असणे, यापेक्षा चांगला सावरण्याचा कार्यक्रम कोणी आखू शकलेले नाही. डिंकाचे आणि मेथीचे लाडू, हळिवाची खीर, बाळंतशोपा या गोष्टींत उष्मांक आहेत, लोह आहे आणि मुख्य म्हणजे कोणीतरी तिच्यासाठी राबले आहे. पण ही परंपरा नॉर्मल बाळंतपणाभोवती घडली. पोटावर टाके असलेल्या बाईसाठी तिच्यात थोडे बदल करावे लागतात. शेक घेताना सर्वात जास्त काळजी घ्यावी. छेदाजवळच्या बारीक नसा कापल्या गेल्याने व्रणाभोवतीची कातडी महिनोन्‌महिने बधिर असते. गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडी भाजते आहे हे तिथे कळतच नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येते. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, हा समज तर तिला बद्धकोष्ठतेत लोटतो, आणि पहिल्या शौचाच्या वेळी कुंथताना टाक्यांवर येणारा ताण ती विसरत नाही. भात किंवा वरण खाल्ल्याने टाके पिकत नाहीत. ते पिकतात जंतूंमुळे, ओलसरपणामुळे, आटोक्यात नसलेल्या साखरेमुळे. पोटपट्ट्याचा पहिल्या दिवसांत हालचालीला आधार होतो, पण पोट आत जावे म्हणून तो श्वास कोंडेपर्यंत आवळू नये.

सव्वा महिना आणि जखमेचे वेळापत्रक यांची गल्लतही होते. कातडी दोनेक आठवड्यांत मिटलेली दिसते. आतली वीण मात्र महिनोन्‌महिने घट्ट होत असते आणि तीन महिन्यांनीही ऊतींना मूळच्या साधारण ८० टक्केच ताकद आलेली असते. बाळापेक्षा जड काही उचलू नये, हा सल्ला त्यातूनच आलेला आहे. तो पाळणे कोणाला परवडते, हा या क्षेत्राचा सामाजिक प्रश्न. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, पण ती दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांतल्या बायांना. ऊसतोडीच्या फडावरची, घरकामाची, शेतावर रोजाने जाणारी बाई या हिशेबाबाहेर आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे आणि सात दिवसांपर्यंतचा आहार मोफत आहे. त्या सात दिवसांनंतर डोक्यावर हंडा कोण घेणार, याचे उत्तर त्यात नाही. दुसरीकडे न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणारी मराठी मुलगी आई विमानाने पोचेपर्यंत नवऱ्याच्या मदतीने दिवस काढते आणि व्हिडिओ कॉलवर लाडवाची कृती विचारते. माहेर नावाची व्यवस्था जिथे नाही, तिथे तिची जागा कशाने भरायची, हा प्रश्न नवऱ्यांनी स्वतःला विचारायचा आहे.

शरीराबरोबर मनही शिवावे लागते. बारशाला आलेला प्रत्येकजण विचारतो, "नॉर्मल की सिझर?" आणि "सिझर" म्हणताना बाईचा आवाज उतरतो, जणू तिने काही कमी केले. अनेक तास कळा सोसून मग घाईने टेबलावर नेलेल्या बाईच्या मनात भीतीचे ते क्षण राहून जातात. पहिल्या आठवड्यातले रडू बहुतेकींना येते आणि जाते. दोन आठवड्यांपुढे उदासी टिकली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, बाळ झोपले तरी झोप येईना, तर मदत घ्यायला हवी. १९८७ मध्ये एडिंबरो येथे तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली आजही जगभर यासाठी वापरतात. तिच्याइतकेच काम कधी कधी शेजारी बसून विचारलेला एक प्रश्न करतो.

विचारायचे कसे, हा या क्षेत्राच्या अभ्यासपद्धतीचा गाभा आहे. फेरीवर डॉक्टर विचारतात, "दुखतंय का?" शेजारी सासूबाई बसलेल्या असतात. बाई म्हणते, "नाही, बरं आहे." तीच सिस्टर थोड्या वेळाने विचारते, "रात्री बाळाला कोणी उचललं?" "सासूबाईंनी. मला वाकताच आलं नाही." पहिल्या उत्तरात संकोच होता, दुसऱ्यात माहिती. शून्य ते दहा असा आकडा मागण्यापेक्षा बाईला काय करता येते ते विचारावे, ही दिशा आता संशोधनानेही घेतली आहे. लंडनमध्ये विकसित होऊन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अकरा प्रश्नांच्या मोजपट्टीत वेदना आणि मळमळ यांबरोबर, बाळाला आधाराशिवाय धरता येते का, पाजता येते का, स्वतःची स्वच्छता करता येते का, हेही विचारले जाते. आपल्या बायांकडे वेदनेची भाषा तर विलक्षण नेमकी आहे. ठणका म्हणजे बहुधा सूज किंवा पू. कळ म्हणजे गर्भाशय. व्रणाजवळ हुळहुळणे, आग होणे, चमक निघणे म्हणजे नसेचे दुखणे. ओढ बसणे म्हणजे आतली वीण ताणली जाणे. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेच्या शब्दांवरूनच प्रसिद्ध मॅकगिल प्रश्नावली बांधली. मराठी बाळंतिणीच्या शब्दांवरून असे काम करणाऱ्या अभ्यासकाची वाट हे क्षेत्र पाहते आहे.

ऐकण्याची गरज पहिल्या महिन्यानंतरही संपत नाही. अनेक अभ्यास एकत्र केले तर सिझेरियननंतर वर्षभरानेही दहापैकी साधारण एकीला व्रणाच्या किंवा ओटीपोटाच्या भागात दुखत असते. तिला "एवढं काही नसतं" म्हणून परत पाठवले जाते. नसेच्या दुखण्यावर वेगळी औषधे आहेत, व्रण मोकळा करण्याचे मसाज आणि व्यायाम आहेत, त्यासाठी ते ओळखले जायला हवे. आणि काही लक्षणांना वाट पाहणे माहीत नसते : ताप, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी, तासाला पॅड भिजवणारा रक्तस्राव, एका पोटरीत दुखणे आणि सूज, धाप, नजरेसमोर अंधारी येऊन तीव्र डोकेदुखी, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार. यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

या क्षेत्रात कोणी यावे? भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि परिचारिका तर हव्यातच. फिजिओथेरपिस्ट हवेत, कारण ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम कोणी हाताला धरून शिकवल्याशिवाय येत नाही. समाजशास्त्रज्ञ हवेत, आशाताई हव्यात. सिझेरियन झालेल्या घरी त्या सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत बाळासाठी जातात आणि आईलाही त्याच दारात भेटतात. नवरे हवेत, आया हव्यात, आणि ज्यांच्या पोटावर हा व्रण आहे त्या स्वतः हव्यात. प्रश्न भरपूर आहेत. रात्रपाळीला एकच सिस्टर असलेल्या वॉर्डात घड्याळावर गोळी कशी पोचेल? घरच्या काढ्यांचा आणि डॉक्टरांच्या औषधांचा मेळ कसा बसेल? फडावर परतणाऱ्या बाईला कोणता व्यायाम खरोखर जमेल? यांची उत्तरे परदेशी पाठ्यपुस्तकांत मिळणार नाहीत, ती आपल्या वॉर्डांत आणि घरांत शोधावी लागतील.

शस्त्रक्रियेने बाई वाचवण्याचे वचन गेल्या दीडशे वर्षांत बऱ्याच अंशी पाळले गेले. ती दुखण्याशिवाय उठावी, बाळाला स्वतः उचलावे, आणि "बरं आहे" म्हणेल तेव्हा ते खरे असावे, हे पुढचे वचन आहे. ते पाळायला लागणारी औषधे स्वस्त आहेत आणि कौशल्ये शिकण्याजोगी आहेत. कमी आहेत ती विचारणारी आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबणारी माणसे. वाचकहो, त्यांच्यात आपले स्वागत आहे.